मैदानावरचा मास्तर : जॉन वुडन

शिक्षकाच्या कामाचें मोल केव्हां ठरतें ? परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशीं तें ठरतें, असा आपल्या बहुतेक कुटुंबांतून समज असतो. सारें आयुष्य शाळेंत काढल्यावर माझें मत निराळें झालें आहे. निकाल हा विद्यार्थ्याच्या एका दिवसाचा हिशेब होय. शिक्षकाचा हिशेब व्हावयास तीस-चाळीस वर्षें लागतात. विद्यार्थी प्रौढ झाला, त्याच्या संसारांत चढउतार आले, त्यालाहि मुलें झालीं, म्हणजे जुन्या मास्तरांचा कोणता शब्द त्याच्या उपयोगीं पडला तें कळतें. आज मी ज्या गृहस्थांविषयीं बोलणार आहें, त्यांच्या बाबतींत हे दोन्ही हिशेब जगापुढें मांडले गेले आहेत. ते अमेरिकेंतील एका विद्यापीठाचे बास्केटबॉलचे शिक्षक होते. त्यांचें नांव जॉन रॉबर्ट वुडन.

हा खेळ आपणांस अगदींच परका नाहीं. इ. स. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें हिवाळ्यांत घरांत खेळतां येईल असा खेळ हवा म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीवर दहा फूट उंचीवर टांगल्या, आणि चेंडू त्यांत टाकावयाचा असा नियम केला. तरुण ख्रिस्ती संघाच्या व्यायामशाळांमार्फत तो खेळ जगभर पसरला व आपल्या देशांतहि आला. मुंबईंत नागपाड्यास १९२७ सालीं क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानें ‘नेबरहुड हाउस’ ही संस्था काढली. त्या गजबजलेल्या वस्तींत हा खेळ असा रुजला कीं, बास्केटबॉल म्हटला कीं मुंबईकरांस नागपाडा आठवावा. परंतु अमेरिकेच्या इंडियाना प्रांतांत त्याचें जें वेड आहे, त्यास तोड नाहीं. तेथील खेड्यापाड्यांतल्या शाळांचे सामने पाहण्यास सारा गांव लोटतो. त्याच प्रांतांत १४ ऑक्टोबर १९१० रोजीं वुडन यांचा जन्म झाला.

वडील शेतकरी होते. घरांत विजेचा दिवा नव्हता. रात्रीं दिव्याच्या उजेडांत ते मुलांना बायबल आणि कविता वाचून दाखवीत. पुढें शेतीवर संकटें आलीं, डुकरें मेलीं, आणि शेतवाडी हातची गेली. परंतु वडिलांच्या तोंडून कोणाविषयीं कडू शब्द निघालेला मुलांनीं ऐकला नाहीं. खोटें बोलूं नये, कोणास फसवूं नये, चोरी करूं नये. तसेंच रडगाणें गाऊं नये, कुरकुर करूं नये आणि सबबी सांगूं नयेत, एवढीच त्यांची मुलांना शिकवण होती. जॉन गांवची प्राथमिक शाळा संपवून निघाला तेव्हां वडिलांनीं सात नियम लिहिलेला एक कागद त्याच्या हातीं दिला. प्रत्येक दिवस आपल्या हातची उत्तम कलाकृति व्हावी अशा रीतीनें घालवावा, हा त्यांतला एक नियम. वुडन यांनीं ते नियम जन्मभर जवळ बाळगले.

खेळाडू म्हणून ते पहिल्या प्रतीचे होते. १९२७ सालीं त्यांच्या मार्टिन्सव्हिलच्या शाळेनें प्रांताचें अजिंक्यपद मिळविलें. पुढें परड्यू विद्यापीठांत लागोपाठ तीन वर्षें देशांतील निवडक महाविद्यालयीन खेळाडूंत त्यांची गणना झाली. १९३२ सालीं ते इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झाले, त्याच वर्षीं बालपणची मैत्रीण नेली रायली हिच्याशीं विवाहबद्ध झाले, आणि केंटकी प्रांतांत डेटन गांवीं एका शाळेंत शिक्षक म्हणून रुजू झाले. दोन वर्षांनीं साउथ बेंड येथील शाळेंत ते इंग्रजी शिकवूं लागले. म्हणजे ते मुळांत माझ्यासारखेच शाळामास्तर. शाळा सुटल्यावर मुलांना खेळ शिकवावयाचा, एवढेंच काय तें अधिक.

या शाळेंत त्यांना जो अनुभव आला, तो ऐकून आपणांपैकीं पुष्कळ पालकांस ओळखीचें वाटेल. मुलाला वरच्या श्रेणीचे गुण मिळाले नाहींत कीं पालकांची तक्रार येई. शेजाऱ्याच्या मुलाला मध्यम गुण मिळाले तर तें ठीक. आपल्या मुलाला मिळाले तर एक तर मुलगा नालायक किंवा मास्तर नालायक! देवानें सर्वांस सारखी बुद्धि दिली नाहीं, सारखी उंची दिली नाहीं. मग एकाच मापानें सर्वांचें यश कसें मोजावें, हा प्रश्न त्यांना बोचूं लागला. १९३४ सालीं त्यांनीं स्वतःपुरती यशाची एक व्याख्या बसविली. तिचा आशय असा कीं, आपल्या अंगीं जेवढें होण्याची शक्ति आहे तेवढें होण्यासाठीं आपण सर्वस्वीं झटलों, या जाणिवेंतून मनाला जें समाधान लाभतें तेंच यश. या व्याख्येंत दुसऱ्या कोणाचें नांवच नाहीं. कोणास हरविलें, कोणाच्या पुढें गेलों, हा प्रश्नच तींतून गळाला. झटलों कीं नाहीं, हें जगाला कळत नाहीं. ज्याचें त्यालाच कळतें. गीतेंतला कर्मयोग ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना या विचाराचें नवल वाटणार नाहीं. नवल आहे तें हें कीं, जेथें प्रत्येक सायंकाळीं हारजीत फलकावर आंकड्यांनीं लिहिली जाते अशा धंद्यांत एका माणसानें तो चाळीस वर्षें पाळला.

नुसती व्याख्या मुलांस समजावयाची नाहीं म्हणून त्यांनीं तिचें चित्र काढावयास घेतलें. पंधरा चिऱ्यांचा एक मनोरा. पायाच्या दोन कोपऱ्यांवर उद्योग आणि उत्साह. त्यांच्यामध्यें मैत्री, निष्ठा व सहकार्य. आणि अगदीं वरचा चिरा सामना कठीण झाला असतां उत्तम खेळण्याचा. हा मनोरा पुरा होण्यास १९३४ पासून १९४८ पर्यंत चौदा वर्षें लागलीं. पुढें तो अमेरिकेंत घरोघर माहीत झाला.

महायुद्धांत आरमारी नोकरी करून परतल्यावर १९४६ सालीं ते टेरे होट येथील शिक्षक-महाविद्यालयांत गेले. पहिल्याच वर्षीं त्यांच्या संघानें चांगला खेळ केला आणि कॅन्सस सिटी येथें भरणाऱ्या लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सामन्यांचें आमंत्रण आलें. परंतु त्या सामन्यांत काळ्या खेळाडूंना मज्जाव होता. वुडन यांच्या संघांत क्लॅरेन्स वॉकर नांवाचा एक काळा विद्यार्थी होता. तो संघाचा आधारस्तंभ नव्हता. राखीव गड्यांपैकीं एक होता. त्याला घरीं ठेवून बाकीचे गेले असते तर त्या काळीं कोणी नांव ठेवलें नसतें. वुडन यांनीं आमंत्रणच नाकारलें. द्रोणाचार्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतों. लाडक्या शिष्याची थोरवी अढळ राहावी म्हणून गुरूनें एकलव्याचा अंगठा मागितला. येथें एका मागच्या बांकावरच्या शिष्यासाठीं गुरूनें साऱ्या संघाची कीर्ति बाजूस ठेवली. १९४८ सालीं नियम बदलला आणि त्या सामन्यांत खेळणारा पहिला काळा खेळाडू म्हणून वॉकर मैदानांत उतरला. संघ अंतिम फेरींत लुईव्हिलकडून हरला. पण तो पराभव कोण मोजतो?

त्याच वर्षीं त्यांना दोन मोठीं बोलावणीं होतीं. एक मिनेसोटा विद्यापीठाचें, दुसरें लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचें. त्यांचा ओढा मिनेसोटाकडे होता, कारण तो मुलूख त्यांच्या घराजवळचा. ठरल्या वेळीं तिकडून दूरध्वनि येणार होता. बर्फाच्या वादळामुळें तो येऊं शकला नाहीं. तिकडून नकार आहे असें समजून त्यांनीं लॉस एंजेलिसला होकार दिला. थोड्या वेळानें मिनेसोटाचा दूरध्वनि आला. पण शब्द दिला होता. तो त्यांनीं मोडला नाहीं. पुढें जें घडलें तें सारें या दिलेल्या शब्दाचें फळ.

तें फळ मात्र लवकर आलें नाहीं. तेथील व्यायामशाळा जुनी, तिसऱ्या मजल्यावर, कोंदट. एका बाजूस कुस्तीगीर, दुसऱ्या बाजूस कसरतपटू, आणि मध्यें यांचा सराव. सरावापूर्वीं जमीन झाडण्या-पुसण्याच्या कामाला विद्यापीठाचा शिक्षक स्वतः हात लावी. अशा स्थितींत पंधरा हंगाम गेले. संघ चांगला खेळे, परंतु राष्ट्रीय अजिंक्यपद एकदांहि मिळालें नाहीं. ज्या मास्तरांस आज सारें जग गौरवितें, ते त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत त्या पदापासून दूरच होते, ही गोष्ट तरुण शिक्षकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

त्यांची शिकवण्याची पद्धत कशी होती ? दर हंगामाच्या पहिल्या दिवशीं ते मोठमोठ्या खेळाडूंना खालीं बसवीत आणि पायमोजे कसे घालावे तें शिकवीत. मोज्याला बोटांपाशीं किंवा टांचेशीं सुरकुती राहूं नये, बुटाचा बंद प्रत्येक भोकांतून ओढून घट्ट बांधावा. देशभरांतून निवडून आलेले उंचेपुरे तरुण एकमेकांकडे पाहून हसत. पण मोज्याला सुरकुती पडली तर पायाला फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो, आणि सराव बुडाला तर सामना जातो. मोठ्या इमारतीचा पाया लहान गोष्टींत असतो, हें व्याख्यान त्यांनीं शब्दांनीं न देतां मोज्यांनीं दिलें. दररोजच्या सरावाचा आराखडा ते सकाळीं सहकाऱ्यांबरोबर बसून मिनिटा-मिनिटाच्या हिशेबानें एका लहान कार्डावर लिहीत व तीं कार्डें जपून ठेवीत. सराव ठरल्या मिनिटाला सुरू होई व ठरल्या मिनिटाला संपे.

१९७४-७५ च्या हंगामांत थार्प आणि गॅलिमोर या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं त्यांचे पंधरा सराव बसून पाहिले व त्यांच्या शिकवण्यांतील एकूण २,३२६ कृतींची नोंद केली. त्यांपैकीं सुमारें ७५ टक्के कृतींत निव्वळ माहिती होती : काय करावें, कसें करावें. स्तुति आणि कानउघाडणी हीं दोन्ही दर शेंकडा सातांच्या आसपास. मुलगा चुकला कीं ते योग्य तें करून दाखवीत, लगेच त्याची चूक करून दाखवीत, आणि पुन्हां योग्य तें करून दाखवीत. दोनचार क्षणांत धडा संपे. वर्गांत रागावण्यांत आणि शाबासकी देण्यांत आपला किती वेळ जातो, हें आम्हां शिक्षकांनीं एकदां घड्याळ लावून पाहावें, म्हणजे या आंकड्यांचें मर्म कळेल. आणि या सर्व बोलण्यांत ‘जिंका’ हा शब्द ते वापरीत नसत, याची साक्ष त्यांचे खेळाडूच देतात.

जिंकण्याचा शब्द न उच्चारतां जिंकणें मात्र अफाट झालें. १९६४ सालीं ज्या संघाच्या मुख्य पांच गड्यांत साडेसहा फूट उंचीचाहि कोणी नव्हता, त्या संघानें तीसच्या तीस सामने जिंकले आणि अंतिम सामन्यांत ड्यूकला ९८-८३ असें हरविलें. १९६५ सालीं पुन्हां अजिंक्यपद. १९६७ पासून १९७३ पर्यंत लागोपाठ सात. १९७५ सालीं दहावें. बारा वर्षांत दहा अजिंक्यपदें, चार हंगाम एकहि पराभव न होतां, आणि १९७१ ते १९७४ या काळांत सलग ८८ विजय. ही मालिका १९ जानेवारी १९७४ रोजीं नोटर डेमपुढें ७१-७० अशी तुटली. शेवटचीं साडेतीन मिनिटें राहिलीं असतां अकरा गुणांची आघाडी होती. प्रतिपक्षानें लागोपाठ बारा गुण मिळविले. हा हिशेब फलकावरचा. तो येथेंच सोडून दुसऱ्या हिशेबाकडे वळूं.

१९६५ सालीं न्यूयॉर्कहून लू अल्सिंडोर नांवाचा एक काळा तरुण तेथें शिकण्यास आला. त्याची उंची सात फुटांवर. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेव्हां मुख्य संघांत घेत नसत. पण त्याच्यासह त्या नवख्यांनीं राष्ट्राच्या अजिंक्य संघाला घरच्या मैदानावर ७५-६० असें हरविलें. पुढें तीन वर्षें मुख्य संघांत, तिन्ही वर्षीं अजिंक्यपद. १९६७ सालीं चेंडू वरून टोपलींत दाबण्यास महाविद्यालयीन खेळांत बंदी झाली. ही बंदी आपल्यावरच रोखलेली आहे असें त्या तरुणास वाटलें. वुडन यांनीं त्याला समजाविलें कीं, यानें तुझा खेळ अधिक संपन्न होईल. झालेंहि तसेंच, हात उंच करून दुरून अर्धवर्तुळांत टाकावयाचा जो फेंका त्यानें घोटला, त्याच्यावर पुढें वीस वर्षें कोणाला उतारा सांपडला नाहीं. तो तरुण पुढें मुसलमान झाला आणि करीम अब्दुल-जब्बार या नांवानें जगप्रसिद्ध झाला. गुरु निष्ठावंत ख्रिस्ती, इंडियानाच्या शेतांत वाढलेला; शिष्य मुसलमान, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वाढलेला. दोघांचा स्नेह सुमारें अर्धशतक टिकला. गुरूच्या मृत्यूनंतर सात वर्षांनीं, २०१७ सालीं, शिष्यानें या स्नेहावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें.

दुसरा शिष्य बिल वॉल्टन. हा गोरा, लाल केसांचा, बोलतांना अडखळणारा, आणि स्वभावानें बंडखोर. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध निदर्शनें करतांना १९७२ सालीं त्याला अटक झाली. वुडन यांना हा मार्ग पसंत नव्हता आणि तसें ते बोलले. पण मतें बदल असें त्यांनीं म्हटलें नाहीं. एकदां सुट्टीनंतर वॉल्टन लांब केस राखून सरावास आला. नियमाप्रमाणें केस आंखूड हवेत. माझ्या केसांवर माझा हक्क आहे, असें तो म्हणाला. वुडन यांनीं विचारलें, तुझी ही खरोखरच श्रद्धा आहे काय ? त्यानें होय म्हटलें. मग, श्रद्धेसाठीं उभे राहणारे लोक मला आवडतात. तुझी मात्र आम्हांला आठवण येत राहील, असें त्यांनीं शांतपणें सांगितलें. वॉल्टन सायकलीवर बसून तडक न्हाव्याकडे गेला ! हाच तरुण १९७३ च्या अंतिम सामन्यांत मेम्फिस स्टेटविरुद्ध २२ पैकीं २१ फेंके साधून ४४ गुण मिळविता झाला. पुढें पायांच्या दुखण्यानें त्याचा खेळ वारंवार थांबला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळांत त्याला आधार झाले ते या वृद्ध शिक्षकाचे शब्द. तो त्यांना वारंवार दूरध्वनि करी. आणि ज्या वचनांना तो विद्यार्थिदशेंत हंसला, तींच वचनें आपल्या मुलांच्या जेवणाच्या पिशव्यांवर लिहून देई. वॉल्टन २०२४ सालीं निवर्तला. श्रोतेहो, शिक्षकाच्या हिशेबाची जमेची बाजू याहून वेगळी काय असते ?

पण हिशेब म्हटला कीं दुसरी बाजूहि वाचली पाहिजे. नाहीं तर तें चरित्र न होतां आरती होते. वुडन सात-आठ गड्यांवरच सारा भर देत. बाकीच्यांच्या वांट्यास बांक येई. १९७० च्या समारंभांत अशाच एका राखीव खेळाडूनें, पुढच्या गड्यांना एक न्याय व मागच्यांना दुसरा, असा जाहीर आरोप केला. सर्वांस सारखें वागविणें म्हणजे न्याय नव्हे, ज्याला त्याला त्याच्या कर्तृत्वाप्रमाणें देणें हा न्याय, असें वुडन यांचें तत्त्व होतें. तें तर्काला पटतें. पण बांकावर चार वर्षें बसलेल्या तरुणाला तें कितपत पटावें? दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शहरांतील एक धनिक गृहस्थ खेळाडूंवर भेटींचा आणि सवलतींचा वर्षाव करीत असे, आणि तें नियमाविरुद्ध होतें. १९८१ सालीं विद्यापीठाला शिक्षा झाली. ती मुख्यत्वें वुडन यांच्या निवृत्तीनंतरच्या प्रकारांबद्दल होती. परंतु त्यांच्या काळींहि हा गृहस्थ संघाभोंवतीं वावरत होता, हें सर्वांस ठाऊक होतें. वुडन यांनीं स्वतः कवडीहि घेतल्याचा आरोप कोणी केला नाहीं. मात्र जो शिक्षक मोज्याची सुरकुती पाहतो, त्यानें ही सुरकुती अधिक निरखून पाहावयास हवी होती, असें टीकाकार म्हणतात, आणि तें म्हणणें मला खोडून काढतां येत नाहीं.

१९७५ सालीं उपांत्य सामन्यांत त्यांनीं आपल्याच जुन्या शिष्याच्या, डेनी क्रम याच्या, लुईव्हिल संघाला ७५-७४ असें निसटतें हरविलें, आणि लगेच खेळाडूंना सांगितलें कीं पुढचा सामना माझा शेवटचा. तो सामना केंटकीविरुद्ध ९२-८५ असा जिंकून ते निवृत्त झाले. नंतर ते एका लहानशा घरांत साधेपणानें राहिले. २१ मार्च १९८५ रोजीं त्यांची पत्नी वारली. त्यानंतर दर महिन्याच्या एकवीस तारखेस ते तिला पत्र लिहीत व तें तिच्या उशीवर ठेवीत. २००३ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. त्याच वर्षीं विद्यापीठानें आपल्या मैदानास त्यांचें नांव दिलें, तें पत्नीच्या नांवासह, आणि तिचें नांव आधीं. त्यांच्या लहान घरीं पांढऱ्या केसांचे जुने शिष्य येत राहिले. ४ जून २०१० रोजीं, शंभरावें वर्ष पुरें होण्यास चार महिने असतां, त्यांचा अंत झाला.

आमच्याकडे दर उन्हाळ्यांत परीक्षांचे निकाल लागतात. कोणाच्या घरीं पेढे वांटले जातात, तर कोणाच्या घरीं दार लावून घेतलें जातें. त्या दिवशीं मुलाला किती टक्के मिळाले हा प्रश्न सारे विचारतात. तूं तुझ्याकडून सर्वस्वीं झटलास काय, हा प्रश्न विचारणारा एक तरी वडील माणूस घरांत असावा. त्या प्रश्नाचें उत्तर मुलगा मोठ्यानें देणार नाहीं. तें त्याचें त्यालाच कळेल. परंतु तीस वर्षांनीं तो तुमची आठवण काढील, ती या प्रश्नामुळें.